दोन खुर्च्या आणि एक नाना

जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात दोन गोष्टींपासून सुटका नसते. एक ऊन आणि दुसरी लग्नपत्रिका. उन्हावर निदान माठातलं पाणी आहे, पत्रिकेवर काहीच उपाय नाही. आणि माणूस खासदार असला, तर मग विचारूच नका.

नव्वद सालची गोष्ट. झुलालनाना खासदार होऊन सहा महिने होत आले होते. त्यांचं संपर्क कार्यालय जळगावात, स्टेशनच्या अलीकडे, एका लोखंडाच्या दुकानाच्या माडीवर होतं. तिथला कारभार भाईदासकडे. भाईदास नानांच्याच गावचा, चाळिशीचा, नानांच्या शब्दाबाहेर नसलेला आणि तरी नानांनी कधी कुठे जायचं हे स्वतः ठरवणारा माणूस. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याने दोन रंगांच्या खुणा केलेल्या असत. लाल खूण म्हणजे लग्न. काळी खूण म्हणजे दारावर जायचं. मयत झालेल्या घरी सांत्वनाला जाण्याला आपल्याकडे तसंच म्हणतात. दिल्लीच्या अधिवेशनासाठी तिसरी पेन्सिल काही त्याने घेतली नव्हती.

"संसदेत नाना बसले काय नि उठले काय, इथे कोणाला दिसतं?" तो म्हणायचा. "मांडवात नाही दिसले, तर पाच वर्षं ऐकून घ्यावं लागतं."

त्याचं चुकत होतं असं आपण तरी कोणत्या तोंडाने म्हणावं? मांडवात पुढे मखमलीची खुर्ची मांडून ठेवणारे आपणच. मुहूर्त टळला तरी चालेल पण साहेबांची गाडी येऊ द्या, असं भटजीला बजावणारेही आपणच. नवरा-नवरी घामाने भिजत उभे असतात आणि माईकवाला ओरडत असतो, "आता साहेबांचं शाल-श्रीफळ देऊन स्वागत!" लग्न कोणाचं आहे, तेच कळेनासं होतं. दुसऱ्या दिवशी गावभर एकच चर्चा, की खासदार आले होते. ते दिल्लीत काय बोलतात, हे आजवर त्या माडीवर चढून कोणी विचारलं नव्हतं.

त्या शनिवारी दुपारी दिल्लीहून पक्षाच्या कचेरीतून फोन आला. बौद्धांना केंद्राच्या सवलती देणारं विधेयक येतंय, मंगळवारी सकाळी चर्चेला लागेल, बोलणाऱ्यांत झुलालनानांचं नाव घेतलंय, होकार कळवा.

"कळवतो," भाईदास म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मग त्याने कॅलेंडरकडे बघितलं. सोमवारी ठळक लाल खूण होती. रुपचंद पाटलाच्या मुलीचं लग्न, अमळनेरकडच्या त्याच्या गावी, गोरज मुहूर्तावर. रुपचंद म्हणजे निवडणुकीत स्वतःचे दोन ट्रॅक्टर घेऊन महिनाभर फिरलेला माणूस. आसपासच्या गावांत त्याचा शब्द चाले. मंगळवारी सकाळी दिल्लीत हजर राहायचं, तर रविवारी संध्याकाळची गाडी पकडायला हवी. म्हणजे लग्न बुडालं.

भाईदासने नानांना फोनचं सांगितलंच नाही. विधेयकाला सगळ्यांचाच पाठिंबा आहे म्हणतात, ते होणारच, त्याने मनाची समजूत घातली. पण मन काही ऐकेना. संध्याकाळी जेवणाच्या ताटावरून तो दोनदा उठला. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाला, उकडतंय.

रविवारी सकाळी कार्यालयाचा जिना चढून द्रौपदाबाई आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीण. धापा टाकत बाकावर बसल्या आणि छत्री पायाशी ठेवली. भाईदासने सवयीने नानांच्या नावाचा छापील कागद पुढे ओढला.

"कोणासाठी चिठ्ठी द्यायची, बाई?"

"चिठ्ठी नको भाऊ. मला एवढंच विचारायचंय, मंगळवारी नाना दिल्लीत असतील ना?"

भाईदासने दचकून वर बघितलं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पेपरात आलंय, या आठवड्यात विधेयक येणार म्हणून. आमच्या घरात दुसरा विषय नाही." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "माझी पुष्पा बी.कॉम. झालीय. भुसावळला रेल्वेत लागायचं तिच्या मनात आहे. मला मास्तरकी मिळाली ती राज्य सरकारच्या सवलतीतून. पण रेल्वे पडली केंद्राची. तिथे बौद्ध लिहिलं की आम्ही राखीव जागेत बसत नाही. मागच्या वेळी अर्ज परत सरकवून तिथल्या एका भल्या माणसाने तिला सुचवलं, धर्माच्या जागी हिंदू लिही, काम होऊन जाईल."

"मग?"

"ती उठून आली. वय तिचं एकाच परीक्षेपुरतं उरलंय, तरी उठून आली. घरी येऊन रडली, पण पुन्हा तसंच करीन म्हणाली."

खिडकीतून तापलेली हवा आत येत होती, पंखा तीच फिरवत होता. शेवटी भाईदास म्हणाला, "बाई, सगळे पक्ष बाजूने आहेत. विधेयक मंजूर होणारच. एक नाना नसले तर काय अडतंय? उद्या रुपचंदभाऊंच्या मुलीचं लग्न आहे, तुम्हाला माहीतच असेल."

"माहीत आहे. मी त्या गावात शाळेवर होते. नवरी माझी विद्यार्थिनी. मलाही पत्रिका आहे." बाई शांतपणे म्हणाल्या. "दोन हजार माणूस येईल त्या लग्नाला. तिथे एक नाना नसले तर काय अडतंय?"

भाईदासने छापील कागद खणात परत ठेवला.

"आशीर्वाद द्यायला गावभर माणसं आहेत, भाऊ. दिल्लीच्या त्या सभागृहात मात्र आपण सगळ्यांनी मिळून एकच माणूस पाठवलाय. कायदा होईल, चांगलंच आहे. पण वाट बघण्यात ज्यांची वयं निघून गेली, त्यांच्या वयाला सूट देणार का, हे तिथे कोणी विचारायचं? माझ्या पोरीला एक संधी आहे अजून. आमच्या गल्लीतल्या कितीतरी पोरांना तीही नाही."

इतक्यात खाली गाडीचं दार वाजलं. नाना सकाळचं एक लग्न आटोपून आले होते. टोपीवर अक्षता, गळ्यात कोमेजलेला हार, घामाने चिकटलेला सदरा. बाकावर कोण बसलंय हे न बघताच ते सरळ आतल्या खोलीत गेले. भाईदास मागोमाग गेला आणि त्याने एका दमात सगळं बोलून टाकलं. फोन आला होता, मी लपवला, मंगळवारी चर्चा आहे.

त्याला वाटलं नाना भडकतील. नाना खुर्चीत बसले आणि त्यांनी हळूच श्वास सोडला.

"बरं केलंस," ते म्हणाले.

भाईदास बघतच राहिला.

"खरं सांगू? मला तिथे भीती वाटते रे. सगळे शिकलेसवरलेले. हिंदी बोलायला गेलो की मध्येच मराठी येतं आणि इंग्रजीचं तर नावच नको. सहा महिने झाले, मी तोंड उघडलेलं नाही. इथे मांडवात कसं, लोक मान डोलावतात. लग्नाचं निमित्त असलं की बरं वाटतं, निदान तिथे जावं तरी लागत नाही."

दाराशी छत्री टेकल्याचा आवाज झाला. द्रौपदाबाई उभ्या होत्या. नानांनी ओशाळून गळ्यातला हार काढला.

"नाना, मी आत यायला नको होतं, पण ऐकू आलं," बाई म्हणाल्या. "मराठीतही बोलता येतं तिथे. आधी कळवावं लागतं, मग ते भाषांतराची सोय करतात. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे, तेवढं मला ठाऊक आहे."

"मराठीत?"

"मांडवात बोलता तसंच बोला. फक्त वधूवरांना शुभेच्छा देऊ नका."

नानांना हसू आलं, आणि मग ते ओसरलं. थोडा वेळ ते टोपीवरून टेबलावर सांडलेल्या अक्षता बोटाने गोळा करत बसले. नुसत्याच गोळा करायच्या, परत सोडायच्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते भाईदासला दिसत होतं. रुपचंदचा चेहरा दिसत होता, दोन ट्रॅक्टर दिसत होते आणि पुढची निवडणूकही दिसत होती.

"तुमच्या मुलीला काय म्हणाला होता तो माणूस? नीट सांगा," नाना एकदम म्हणाले. "सगळं सांगा. भाईदास, तू दिल्लीला फोन लाव. मराठीत बोलणार म्हणून कळव. आणि संध्याकाळच्या गाडीचं बघ."

"आणि रुपचंदभाऊ?"

"त्याला तू सांगायचं. फोन तू लपवलास ना?"

सोमवारी दुपारी भाईदास एसटीतून उतरून रुपचंदच्या गावात शिरला. मांडव मोठा घातला होता. एकीकडे बट्ट्या भाजल्या जात होत्या, वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता. आणि मांडवाच्या अगदी पुढे, टेबलफॅनच्या समोर, लाल मखमलीची ती खुर्ची होती. तिच्यावर धूळ बसू नये म्हणून पांढरं उपरणं टाकलेलं.

नाना दिल्लीला का गेले, ते रुपचंदने ऐकून घेतलं. त्याचा चेहरा आधी उतरला, मग लाल झाला, आणि पोरीच्या लग्नात गावापुढे अब्रू जाईल म्हणून तो अहिराणीत उसळला.

"भाईदास, मन्ही आंडेरनं लगीन शे. बठ्ठा गावले सांगेल शे, नाना येतस म्हनीसन. आते नही ऊनात, तं मन्हं नाक कापाई जाई!"

"भाऊ, काम तसंच होतं—"

"कोनतं काम? त्यासनं काम मोठं आनि आम्हनं लगीन हलकं?"

'त्यासनं' म्हणजे बौद्धवाड्यातल्यांचं, हे भाईदासला कळलं. काल सकाळपर्यंत कदाचित त्यानेही तो शब्द असाच वापरला असता. आज मात्र त्याला तो टोचला. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि धीर झाला नाही.

रुपचंद आवाज खाली आणून म्हणाला, "आते एक कर. माईकवर सांग, नानाले ताप शे. उठता येत नही. दुसरं काहीच बोलू नको."

भाईदासने मान हलवली. त्यात काय मोठं? आजारपणाच्या थापा त्याने याआधी डझनावारी मारल्या होत्या. एका दिवशी चार लग्नं आली की नानांना तीन ठिकाणी ताप येतच असे.

ऊन कलायला लागलं. वरात दाराशी आली. नवरदेव मांडवात आला, माणसं दाटली, आणि जो तो मखमलीच्या खुर्चीकडे बघून कुजबुजू लागला. माईकवाल्याने भाईदासला हात धरून वर ओढलं. "आता नानासाहेबांचे खास प्रतिनिधी दोन शब्द बोलतील!"

समोर बायकांच्या बाजूला, कडेच्या सतरंजीवर द्रौपदाबाई बसल्या होत्या. शेजारची जागा मोकळी होती. तशी ती नेहमीच मोकळी राहायची, त्यात कोणाला काही नवल वाटत नसे. त्यांच्या मांडीवर आहेराचं पुडकं होतं. त्या भाईदासकडे बघत होत्या, रागाने नाही, नुसत्याच.

"मंडळी," भाईदास म्हणाला, "नानांना..."

ताप हा शब्द ओठावर आला. पण तो काही बाहेर पडेना. माईक खरखरला. खाली रुपचंद हाताने खुणा करत होता.

"नानांना काही झालेलं नाही," भाईदास म्हणाला. "नाना ठणठणीत आहेत. नाना दिल्लीला गेलेत. उद्या सकाळी लोकसभेत ते बोलणार आहेत, पहिल्यांदाच. आपल्या भागातल्या मुलामुलींचा प्रश्न आहे. आपल्या शेजारच्याच घरातल्या. धर्म खरा लिहिला म्हणून त्यांना केंद्राची नोकरी मिळत नाही. आणि हा निरोप आला होता, तो मी नानांपासून लपवला होता. कारण ही खुर्ची रिकामी राहील म्हणून मला भीती वाटली. दिल्लीतली खुर्ची सहा महिने रिकामीसारखीच होती, तिची आपल्यातल्या कोणालाच भीती वाटली नाही. मलाही नाही!"

बँडवाल्यांनी हात आखडले. रुपचंद मान खाली घालून उभा होता. भाईदासला वाटलं, संपलं सगळं. नानांचंही आणि आपलंही.

तेव्हा रुपचंदची आई, झुंबरबाई, काठी टेकत पुढे आली. तिला ना संसदेचं काही होतं ना विधेयकाचं.

"आते वाट कोनी दखतस?" तिने भटजीला विचारलं. "नवरदेव ऊना, नवरी ऊनी, तुम्ही ऊनात. आखो कोन पाहिजे? मोठीना लगीनले साहेबनी वाट दखी-दखीसन पोर भुईवर पडनी व्हती, याद शे ना?"

सगळ्यांना आठवत होतं. तीन वर्षांपूर्वी मोठ्या मुलीच्या लग्नात दुपारचा मुहूर्त होता. कोणी एक साहेब यायचे होते म्हणून मुहूर्त टाळून थांबले, आणि उन्हाने नवरीच चक्कर येऊन पडली. कांदा फोडून नाकाशी धरला तेव्हा डोळे उघडले. साहेब आले, हार घालून घेतले आणि गेले. त्यांना नवरीचं नावही माहीत नव्हतं.

रुपचंदने वर बघितलं. अंतरपाटाशी उभी असलेली धाकटी त्याच्याकडेच बघत होती.

"बाबा, मुहूर्तावर लागू द्या ना," ती हळूच म्हणाली. आणि मग जरा मोठ्याने, "आणि त्या खुर्चीवर बाईंना बसवा. मला लिहायला-वाचायला त्यांनी शिकवलंय."

हे मात्र कोणी मनात आणलं नव्हतं. बायकांत कुजबुज झाली. एकदोन म्हाताऱ्यांनी तोंडं वाकडी केली. द्रौपदाबाई हातानेच नको-नको म्हणत होत्या. रुपचंद क्षणभर जागचा हलला नाही. त्या खुर्चीपर्यंतचं अंतर त्याला फार मोठं असावं. मग तो गेला, खुर्चीवरचं उपरणं काढलं, आणि खाली बघतच म्हणाला, "बसा बाई." टेबलफॅनचं तोंड दुसरीकडे वळलं होतं, ते त्याने त्यांच्याकडे फिरवलं.

मंगलाष्टकं बरोबर मुहूर्तावर सुरू झाली. त्या गावात असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

नाना शुक्रवारी परतले. भाईदास स्टेशनवर गेला तर ते डब्यातून उतरले तेच मुळी थकलेले. विधेयक मंजूर झालं होतं. नाना बोललेही होते. पण पेपरात त्यांचं नाव कुठेच नव्हतं. जळगावच्या पेपरात त्या दिवशी एका आमदाराच्या मुलाच्या वरातीचा फोटो होता.

दोन दिवस कार्यालयात कोणी फिरकलं नाही. भाईदास उगाच जिन्याकडे बघत बसायचा. तिसऱ्या दिवशी जिना वाजला आणि रुपचंद आला. नाना आणि भाईदास, दोघेही उभे राहिले.

रुपचंदने लग्नातले बुंदीचे लाडू टेबलावर ठेवले. खुर्ची ओढली. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"नाना," तो म्हणाला, "काय बोलनात तुम्ही तठे?"

नानांना प्रश्न कळायला वेळ लागला. त्या माडीवर हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. चिठ्ठी मागायला आलेली माणसं त्यांनी पाहिली होती, रुसलेली पाहिली होती, हार घेऊन आलेलीही पाहिली होती. हे नवीन होतं.

"आवाज कापत होता रे," नाना म्हणाले. "मी म्हटलं, मी मराठीत बोलतो, मला तेच येतं. माझ्या जिल्ह्यातल्या एका मुलीला सांगितलं गेलं, धर्माच्या जागी खोटं लिही, खुर्ची मिळेल. ती म्हणाली, खोटं लिहून मिळणारी खुर्ची मला नको. हा कायदा तिच्यासाठी होतोय, म्हणून मी पाठिंबा देतो. पण इतकी वर्षं जी पोरं खरं लिहून घरी बसली आणि ज्यांची वयं उलटली, त्यांच्या वयाला सूट द्या. नाही तर आपण त्यांना दार उघडतोय ते त्यांचं घर पडल्यावर. एवढ्यात घंटी वाजली, वेळ संपली म्हणून."

"मंग? दिधी का सूट?"

"नोंद घेतली म्हणाले. पुढच्या अधिवेशनात परत विचारणार आहे."

"इचाराच," रुपचंद म्हणाला. मग खिशातली पत्रिका पुढे करून, "मन्हा भाचानं लगीन शे पुढला महिनाम्हा. पत्रिका दी राह्यनू. पन तठे सभा व्हई, तं येऊ नका. आल्यावर आम्हले सांगा, काय बोलनात ते."

तो गेल्यावर भाईदास कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि एक निळी पेन्सिल घेऊन आला.

द्रौपदाबाईंची पुष्पा त्या वर्षी परीक्षेला बसली. अर्जात धर्माच्या जागी तिने बौद्ध लिहिलं. तेच अक्षर, तोच शब्द, पण या वेळी कोणी तो अर्ज परत सरकवला नाही. पास होणं न होणं आता तिच्या अभ्यासावर होतं, आणि आईला तेवढंच हवं होतं.

वाचकहो, आपला खासदार कामाचा नाही अशी तक्रार आपण पारावर बसून रोज करतो. पण आपण त्याला बोलावतो कशाला? हार घालायला, नारळ फोडायला, मुहूर्त अडवायला. जे आपण मागतो तेच तो आणून देतो. पुढच्या खेपेला तो दारी आला, की लग्नाला का आला नाहीत म्हणून रुसू नका. चहा द्या, समोर बसवा आणि रुपचंदने विचारला तोच एक प्रश्न विचारा. तिथे काय बोललात? उत्तर नसेल, तर तो पुढच्या वेळी उत्तर घेऊन येईल. आणि आपण विचारलंच नाही, तर दिल्लीतली ती खुर्ची रिकामी ठेवल्याचा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही.